सॅम्युएल नावाचा खरा अर्थ कोणता?

तुम्ही विचारलंय की भाच्याचं नाव सॅम्युएल ठेवायचं घाटतंय, पण कुणी त्याचा अर्थ ‘देवाने ऐकले’ सांगतं, कुणी ‘देवाकडे मागितलेला’, तर कुणी ‘देवाचं नाव’. यातलं खरं कोणतं?

मूळ हिब्रू नाव शमुएल. शेवटचं ‘एल’ म्हणजे देव. डॅनियल, गॅब्रिएलमध्येही तेच आहे. प्रश्न आहे तो आधीच्या भागाचा. हिब्रूत ‘शेम’ म्हणजे नाव, म्हणून व्याकरणाला ‘देवाचं नाव’ हाच अर्थ सर्वांत जवळचा. ‘ऐकणे’ या धातूत ‘आयिन’ हे अक्षर असतं. इश्माएल या नावात ते आहे, शमुएलमध्ये नाही. त्यामुळे ‘देवाने ऐकले’ हा अर्थ कितीही गोड वाटला तरी मला तो पटत नाही.

‘मागितलेला’ हा अर्थ मात्र बायबलमधल्या शमुएल संदेष्ट्याच्या आईनेच, हन्नानेच दिलाय. हन्नाला मूल नव्हतं. शिलोच्या मंदिरात ती रडत प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई प्यायली आहे! मुलगा झाला तर तो देवाच्या सेवेला देईन, असा नवस तिने केला होता. तो झाल्यावर ती म्हणाली, मी याला परमेश्वराकडे मागितलं, म्हणून हा शमुएल. खरं तर ‘मागणे’ या धातूवरून शौल हे नाव येतं, शमुएल नव्हे. पण मी असते तर भाच्याला हीच गोष्ट सांगितली असती. ज्यू लोक नववर्षाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, ती आजही वाचतात.

मराठी बायबलमध्ये हे नाव ‘शमुवेल’ असं आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने तर त्याला पार मराठी करून टाकलं: सामाजी. एझकेलचा हसाजी झाला, तसाच. सामाजी हसाजी दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी मुंबईत मांडवीला १७९६ साली शहरातलं पहिलं सिनेगॉग बांधलं. सुटका झाली तर प्रार्थनामंदिर बांधेन, असा त्यांचा नवस होता, असं समाजात सांगतात. बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणत. हे सिनेगॉग जिथे आहे ती गल्ली आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणूनच ओळखली जाते.