परभणीच्या ताईंना: रंग लावायच्या आधी एवढं कराच

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही शाळेत चित्रकला शिकवता, लहान मुलांच्या डायनासोरच्या पुस्तकाची सोळा रंगीत पानं तुमच्याकडे आलीत, मुदत महिन्याची आहे आणि "रेषाचित्रं दाखवण्यात वेळ घालवू नका, थेट रंगवूनच पाठवा" असं फोनवर सांगितलंय. हे वाचून पोटात गोळा आला. नऊ वर्षांपूर्वी लातूरला मला अगदी हेच सांगितलं होतं.

उडणारे टेरोसॉर डायनासोर नव्हेत, माणूस आणि डायनासोर एका चित्रात नकोत, शेपटी जमिनीवरून फरफटवायची नाही, हे तुम्हाला ठाऊक असणारच. ते सोडतो. माझं नुकसान झालं ते गवतामुळे.

पुस्तकं काढणारं एक कार्यालय होतं, नाव लिहीत नाही. मी चौदा पानं जलरंगात पूर्ण केली. त्यातल्या नऊ पानांवर आयसीसॉरसचे, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचे कळप गवतात चरताना होते. तीन आठवड्यांनी फोन आला: "तज्ज्ञांचा शेरा आहे, त्या काळी गवत नव्हतं, सगळं काढा." कोणते तज्ज्ञ, कशाच्या आधारावर, लेखी द्याल का, यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही. दोन वेळा स्वतः गेलो, दोन्ही वेळा साहेब मीटिंगला. जलरंगातलं गवत पुसता येत नाही. नऊच्या नऊ पानं नव्याने काढली, रात्री जागून. मानधन ठरलं होतं तेवढंच, तेही पुढच्या मार्चनंतर. शेरा तोंडी आणि चूक मात्र चित्रकाराची, याचा राग अजून गेलेला नाही.

पण खरी चूक माझीच होती. डायनासोर गवत खात असत असं मी कुठेतरी वाचलं होतं, त्यावरूनच ते रंगवलं होतं. कुठे वाचलं, ते टिपून ठेवलं नव्हतं. फोनवर दोन वाक्यं सांगता आली असती तर वाद तिथेच मिटला असता.

ती माहिती पुन्हा सापडली तेव्हा पुस्तक छापून झालं होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची अश्मीभूत विष्ठा सापडते. वंदना प्रसाद, अशोक साहनी या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे फायटोलिथ, म्हणजे वनस्पतीच्या पेशींत साठलेले सिलिकेचे सूक्ष्म कण दाखवले. 2005 साली ते प्रसिद्ध झालं. ज्वारीच्या पात्याने हात कापतो तोही सिलिकेमुळेच. त्या विष्ठेत ताडवर्गातल्या आणि सूचिपर्णी झाडांचेही अंश होते. म्हणजे गवत होतं, पण गवताळ माळरानं फार नंतरची. मी घोट्याएवढी हिरवी कुरणं रंगवली होती, ते चूकच. झाडांच्या सावलीत, पाण्याच्या कडेला गवताचे तुरळक ठोंब काढले असते तर बरोबर ठरलं असतं. निम्मं त्यांचं खरं, निम्मं माझं. समोरासमोर बसून बोललो असतो तर पानंही वाचली असती आणि लेकरांना नेमकं चित्रही मिळालं असतं.

म्हणून आधी एक वही घाला. प्रत्येक चित्राला एक पान आणि त्यावर तीन गोष्टी: काय सापडलंय, काय नातलगांवरून ठरवलंय, काय माझ्या मनाचं आहे. मांसाहारी राजासॉरसचं बघा. गुजरातेत खेडा भागात राहिओलीला त्याची हाडं मिळाली, 2003 मध्ये नाव ठेवलं गेलं. कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर, पाय आहेत. डोक्यावरचा बुटका उंचवटा हाडावरून कळतो. हात मिळालेले नाहीत, ते त्याच्या कुळातल्या इतरांवरून अगदी आखूड काढायचे. कातडीचा रंग सर्वस्वी तुमचा. वहीत एवढं असलं की कुणाचाही फोन येऊ द्या.

दुसरं, रेषाचित्रं पाठवाच, ते नको म्हणाले तरी. ईमेलने पाठवा आणि "आठ दिवसांत हरकत न आल्यास रंगकाम सुरू करते" अशी ओळ टाका. मी जीवाश्मतज्ज्ञ नाही आणि वकीलही नाही, कायद्यात ही ओळ किती टिकेल ते वकिलालाच विचारा. पण तेव्हापासून माझं एकही पान फुकट गेलेलं नाही.

रंगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. प्रत्येक मांसाहारी प्राणी जबडा फाडून, दातांतून रक्त गाळत काढू नका. वाघ दिवसाचा बराच वेळ लोळत असतो, हेही झोपत असतील, पिलांजवळ बसत असतील. सिनेमावरून तर मुळीच काढू नका. सिनेमातला तो व्हेलोसिरॅप्टर डायनासोर खरा टर्की पक्ष्याएवढा होता. त्याच्या हाताच्या हाडावर पिसं रोवल्याच्या खुणा 2007 मध्ये दाखवल्या गेल्या, आणि तो मंगोलियातला, आपल्याकडचा नव्हे.

जाता जाता दोन गोष्टी. प्राण्याचं नाव चित्रावर रंगाने लिहू नका, वेगळ्या ट्रेसिंगवर द्या. 'डायनोसॉर' की 'डायनासोर' हे संपादक शेवटच्या दिवसापर्यंत बदलतात. आणि आकार दाखवायला शेजारी माणूस उभा करू नका, लेकरं दोघं एकत्र राहत होते असंच धरतात. समासात वेगळ्या चौकटीत एसटी बसची काळी आकृती द्या.

तुमच्या वर्गातली मुलं "आपल्याकडे होते का" हे विचारणारच. आपल्या पायाखालचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्याच्या पोटात हाडं शोधण्यात अर्थ नाही. पण नदीकाठच्या गाळात फार अलीकडचे प्राणी मिळालेत. आमच्या लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी हत्तींचे आणि पाणघोड्यांचेही जीवाश्म निघालेत. प्रकाशक तयार असेल तर शेवटचं पान त्याला द्या: मांजरेच्या डोहात अर्धा बुडालेला पाणघोडा आणि काठावर गवत. तिथे ते हवं तेवढं दाट काढा.

राजासॉरसचं रेषाचित्र झालं की इथेच टाका. हातांची लांबी आणि तळव्यांची दिशा मी बघून सांगतो.