सेलाडॉन, शिलाधर आणि मर्तबान

प्रश्न असा आला आहे: 'सेलाडॉन' हा शब्द संस्कृत 'शिलाधर'वरून आला, हे खरं का? आणि बुडालेल्या जहाजांतून निघणाऱ्या या हिरव्या चिनी भांड्यांना मराठीत काय म्हणावं?

'शिलाधर' मलाही आधी फार आवडला होता, पण तो टिकत नाही. 'धर' म्हणजे धारण करणारा. त्यात हिरवेपणा कुठे आहे? शिवाय शब्द इथून युरोपात गेला असता तर वाटेतल्या अरबी-फारसीत त्याच्या खुणा राहिल्या असत्या. तिथे या भांड्यांना वेगळंच नाव होतं, मर्तबानी. ते ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून पडलं. हिंदीतला लोणच्याचा मर्तबान, म्हणजे आपली बरणी, तोही त्याच बंदराचा.

सेलाडॉन फ्रेंच आहे. ओनोरे द्युर्फे याच्या सतराव्या शतकातल्या 'लास्त्रे' या कादंबरीत सेलादों नावाचा मेंढपाळ आहे. त्याच्या फितींच्या फिकट हिरव्या रंगाला त्याचं नाव मिळालं, आणि रंगाचं नाव पुढे भांड्यांना.

म्हणजे कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ बुडालेल्या जहाजावर हा शब्द कुणी ऐकलेलाच नव्हता. १३२३ साली ते चीनहून जपानकडे निघालं होतं. मालाला बांधलेल्या लाकडी पट्ट्यांवर ते साल सापडलं. १९७५ साली एका कोळ्याच्या जाळ्यात भांडी आली, आणि पुढच्या उत्खननात वीस हजारांहून जास्त निघाली. त्यांतली निम्म्याहून अधिक हीच हिरवी. चिनी त्यांना 'छिंग-त्स' म्हणतात, जपानी 'सेइजी', कोरियन 'छ्योंगजा'. तिन्हींत पहिलं अक्षर एकच, आणि त्याच्या अर्थात हिरवा-निळा दोन्ही येतात.

झिलईत लोह अगदी थोडं असतं. भट्टीत हवा कोंडली की ते हिरवं उतरतं, मोकळी राहिली की पिवळट-तपकिरी. चीनमधल्या लोंगछ्वानच्या भट्ट्यांतल्या सर्वांत देखण्या छटेला चिनी लोक 'मेइत्स छिंग' म्हणतात, कच्च्या आलुबुखारासारख्या एका आंबट फळाचा हिरवा. आपल्याकडे ताजा आवळा उजेडात धरून पाहा: आत दडलेला ओलसर उजेड, त्यावरच्या पुसट रेघा. पोपटी किंवा शेवाळी म्हणून ते येत नाही.

म्हणून मी 'आवळी झिलईची चिनी भांडी' असं लिहीन आणि पहिल्या उल्लेखात कंसात सेलाडॉन देईन. 'बुडीत जहाज' मात्र नको. बुडीत म्हटलं की कर्ज किंवा धरणाखालची जमीन आठवते. 'बुडालेल्या जहाजातली' हेच सरळ.