गाळा घ्यायच्या आधी

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, बसस्टँडमागे गाळा मिळतोय, डिपॉझिटचे पैसे मामा द्यायला तयार आहेत, आणि उस्तादांकडे आता दुरुस्तीतलं शिकण्यासारखं काही उरलं नाही. पहिल्या दोन गोष्टी ऐकून आनंद झाला. तिसरी मात्र मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

मी परभणीला आलो तो 1972 च्या दुष्काळात. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते, घरी दुष्काळात वाटलेल्या सुकडीवर दिवस निघत होते. आकाशवाणीचं परभणी केंद्र 1968 ला सुरू झालेलं, त्यामुळे खेड्याखेड्यांत ट्रान्झिस्टर रेडिओ पोचले होते आणि दुरुस्तीचं काम भरपूर होतं. माझ्या उस्तादांनी मला ठेवून घेतलं ते पगारावर नाही, दोन वेळच्या जेवणावर. पहिलं वर्षभर हातात सोल्डरिंग आयर्न आलं ते फक्त भंगार सेटांतले पार्ट उतरवायला. एक रेझिस्टर काढायचा, त्याच्यावरचे रंगीत पट्टे वाचून किंमत, म्हणजे तो वीज किती अडवतो ते, सांगायची, मग मीटर लावून बघायची. पिवळा-जांभळा-नारिंगी म्हणजे 47 किलो ओहम, हे झोपेतही सांगता यायला पाहिजे. एसी 128 हा ट्रान्झिस्टरचा पार्ट काढताना पाय चिमट्यात धरायचा, म्हणजे उष्णता चिमटा ओढून घेतो आणि ट्रान्झिस्टर वाचतो. चिमटा न धरता मी किती ट्रान्झिस्टर जाळले, ते उस्तादांनाच ठाऊक.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून जे झालं ते तुला सांगतो. सेलूकडचे एक शेतकरी सेट ठेवून गेले होते. तक्रार एवढीच, आवाज बारीक येतो. उस्ताद जेवायला गेले होते. मी मागचं झाकण उघडलं. आत आयएफच्या, म्हणजे पकडलेलं स्टेशन एका ठरलेल्या मापावर आणून मोठं करणाऱ्या, तीन डब्या, पिवळी, पांढरी, काळी, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर खाच असलेला स्क्रू. मला वाटलं, ढिले झालेत. तिन्ही घट्ट आवळले. सेट मुका झाला. ते स्क्रू नसतात बाबा, फेराइटचे कोर असतात. 455 किलोहर्ट्झवर बसवलेले, अर्ध्या फेऱ्यानेही चळणारे.

उस्ताद ओरडले नाहीत. बांबूची कामटी तासून केलेला त्यांचा पेचकस त्यांनी काढला, कारण लोखंड जवळ नेलं की कॉइलचं माप हलतं. एक लांबचं, क्षीण स्टेशन कानाने पकडलं आणि एकेक कोर केसभर फिरवत दोन संध्याकाळी बसले. मी शेजारी बसून होतो. तिसऱ्या दिवशी मूळ दोष सापडला: 10 मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर, वीज साठवणारा पार्ट, सुकला होता. त्या काळी काही आण्यांचा पार्ट. मी आधी ऐकलं असतं, विचार केला असता, तर अर्ध्या तासाचं काम होतं.

त्यानंतर उस्तादांनी मला दोष शोधायला शिकवलं, आणि माझं सगळं आयुष्य त्यावर चाललं. व्हॉल्यूमच्या बटणामागे तीन पाय असतात, त्यातल्या मधल्या पायाला पेचकसाचं टोक लावायचं. स्पीकरमधून घुर्र आलं तर तिथून पुढचं, स्पीकरपर्यंतचं सगळं ठीक. दोष एरियलच्या बाजूला. एका स्पर्शात अर्धा सेट बाजूला पडतो. ऑसिलेटर, म्हणजे स्टेशन पकडायला सेटच्या आत स्वतःची लहर तयार करणारा भाग, चालतोय का हे बघायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. उस्ताद दुकानातल्या चांगल्या रेडिओवर परभणी लावून ठेवायचे. बिघडलेला सेट त्याच्या शेजारी ठेवून त्याचा काटा परभणीच्या जागेहून 455 किलोहर्ट्झ खाली हळूहळू फिरवायचे. ऑसिलेटर काट्यापेक्षा 455 ने वर चालतो, म्हणजे बरोबर परभणीच्या जागी. ऑसिलेटर जिवंत असेल तर परभणीच्या बातम्यांवर शीळ उमटायची, काटा हलेल तशी चढायची, उतरायची. शीळ नाही, म्हणजे दोष तिथंच. मी पहिल्यांदा ती शीळ ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. मुका सेट दुसऱ्याच्या तोंडून बोलत होता.

पुढे दोन वर्षं मी दुरुस्तीसाठी आठवडी बाजार केले. रेल्वेने सेलू, एसटीने जिंतूर, जवळच्या गावांना सायकल. बाजारात वीज कुठली? हॉटेलवाल्याच्या कोळशाच्या शेगडीवर तांब्याचं आयर्न तापवायचं. निम्मे सेट बिघडलेले नसायचेच. सेल गळून स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असायची. पॉलिश पेपरने घासायचं आणि सांगायचं, "काका, सेट चांगला आहे, घरी रेडिओ बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवत जा." त्याचे मी चार आणे घेतले. पाच रुपयेही घेता आले असते, विचारणारं कुणी नव्हतं. कुणी म्हणायचं, कापूस विकल्यावर देतो, बहुतेकांनी दिलेही. पुढे मी गाळा घेतला तेव्हा पहिल्या महिन्यात आलेलं गिऱ्हाईक सगळं याच बाजारांतलं होतं.

आणि वही. ती मी पहिल्या दिवसापासून ठेवली. गाव, सेट, गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, दोष काय निघाला, तो कसा सापडला. "रात्री खरखरतो, दिवसा नाही" असं कुणी सांगितलं की ते तसंच लिहायचं. खेड्यातला माणूस फार नेमकं सांगतो, ऐकणाऱ्यानेच घाई करू नये.

तुझ्यापुढे आता ॲम्प्लिफायर, ब्लूटूथ स्पीकर, टीव्हीची किट, म्हणजे आतली सर्किट बोर्डं, येतात, हे मला माहीत आहे. आयसी, म्हणजे आतली चिप, उडाली की बदलायची, नाही जमलं तर अख्खं किट बदलायचं, असं तू सांगितलंस. पण आयसी बदलण्याआधी सप्लायचे व्होल्ट मोजतोस का? फिल्टरचा कंडेन्सर फुगलाय का, हे बघतोस का? ती का उडाली हे कळल्याशिवाय नवी बसवलीस, तर महिन्याने तोच माणूस तोच स्पीकर घेऊन परत येईल. आज तो तुझ्या उस्तादांच्या दुकानात येईल आणि ते निभावून नेतील. गाळा तुझा झाला की तुझ्याकडे येईल. वर भाड्याची तारीख डोक्यावर असेल, आणि भाडं चुकवायच्या घाईत माणूस पार्ट बदलतो, दोष शोधत नाही. मला या एकाच गोष्टीची काळजी वाटते.

गाळ्याच्या मालकाला अजून होकार देऊ नकोस. मामांना माझा नमस्कार सांग आणि दिवाळीपर्यंत थांबायला सांग. तोवर आजपासून वही घाल. दिवाळीला येशील तेव्हा ती घेऊन ये, आपण ओसरीवर बसून एकेक काम वाचू. ज्या कामापुढे फक्त "पार्ट बदलला, चालू झाला" एवढंच लिहिलं असेल, तिथं आधीच लाल पेनने खूण करून आण.

तुझा,
काका