बावड्याचं एसटीपी चालू असताना पंचगंगेत मासे का मरतात?

तुमचा प्रश्न असा की कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचं 76 एमएलडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र (एसटीपी; 1 एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर) चालू असूनही उन्हाळ्याच्या शेवटी पंचगंगेत मासे तरंगताना दिसतात, म्हणजे केंद्र फक्त नावाला आहे का?

मी आधी नाल्यावरचं पंपघर तपासेन. हिशेब करून बघा. घरगुती सांडपाण्याचा बीओडी (घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) लिटरला 200 मिलिग्रॅम धरला, तर 1 एमएलडी कच्चं पाणी नदीवर रोज 200 किलोंचा भार टाकतं. तेच 76 एमएलडी पाणी शुद्ध करून 10 मिलिग्रॅमवर आणून सोडलं, तर सगळा भार 760 किलो. शहरातल्या जयंती किंवा दुधाळी नाल्यातून रोज जेमतेम 4 एमएलडी कच्चं पाणी निसटलं तरी त्याचे 800 किलो होतात. अख्ख्या केंद्रापेक्षा जास्त!

निसटतं कसं, तर नाला बांध घालून अडवतात आणि पाणी पंपाने शुद्धीकरण केंद्राकडे उचलतात. लाईट गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, किंवा जाळीत प्लॅस्टिक-चिंध्या अडकल्या, की पाणी बांधावरून सरळ नदीत. वळिवाच्या पहिल्या सरीत तर उन्हाळाभर नाल्यात साचलेला काळा गाळही एकदम धुऊन येतो.

नेमकी तेव्हाच नदी सर्वांत दुबळी असते. बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, प्रवाह जवळपास थांबलेला. 30 अंशाच्या पाण्यात प्राणवायू मावतो तोच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. वर केंदाळ पसरलं की हवेतून मिळणाराही तुटतो. रात्री शेवाळही प्राणवायू खातं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि मेलेले मासे सकाळीच दिसतात. बरगे काढले की तळाचं कुजकं पाणी एका लोंढ्याने पुढच्या बंधाऱ्यावर जातं. नदीच्या खालच्या अंगाला तेरवाडच्या बंधाऱ्यावर मासे मेले तर मात्र एकट्या कोल्हापूरला धरू नका. तिथवर इचलकरंजीच्या काळ्या ओढ्याचं पाणीही मिसळलेलं असतं.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून 300 मिलिलिटरची बीओडी बाटली, मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड मिळवा. नमुना सूर्योदयाआधी घ्या, नाला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक. बाटली पाण्याखाली धरून भरा, बुडबुडा राहता कामा नये. काठावरच दोन्ही द्रावणं 2-2 मिलिलिटर घाला, बूच लावून उलटसुलट करा. हातमोजे हवेतच, अल्कली कातडी भाजते. साका (तळाला बसणारा गाळ) तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर पाणी मेलेलं आहे. नेमका आकडा प्रयोगशाळेत टायट्रेशनने काढून घ्या. आंघोळीच्या पाण्याला किमान 5 मिलिग्रॅम लागतो.

नमुन्याच्या कागदावर वेळ लिहाच, शिवाय आदल्या रात्री लाईट कधी गेली आणि बांधावरून पाणी वाहत होतं का, तेही. महापालिकेकडे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाताना पंपघराच्या लॉगबुकातल्या त्याच तासांची नोंद मागा. नुसता मेलेल्या माशांचा फोटो नेला तर कारण सिद्ध होत नाही.