‘ओळख’, ‘मान्यता’ आणि ‘आपल्यातली’

प्रश्न असा आहे: कॅनडातील क्री या आदिवासी समाजातल्या एका ट्रान्सजेंडर स्त्रीवरील माहितीपटाला मराठी उपशीर्षके द्यायची आहेत. तिची सारी धडपड ‘रेकग्निशन’ आणि ‘बिलाँगिंग’ या दोन शब्दांत सांगितलेली आहे. त्यांच्यासाठी ‘ओळख’ आणि ‘आपुलकी’ हे शब्द चालतील का?

पहिल्या शब्दाला सर्वत्र एकच मराठी शब्द लावू नये, असे माझे मत आहे. सरकारदरबारी मिळते ती मान्यता. कॅनडात ही बाब नोंदवहीशी बांधलेली आहे: कोणाला ‘इंडियन’ म्हणून नोंदवायचे, हे १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टपासून सरकार ठरवत आले आहे, आणि नोंद नसलेल्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या आदिवासी स्त्रीचा दर्जा १९८५ ची दुरुस्ती होईपर्यंत काढून घेतला जात असे. अशा ठिकाणी ‘मान्यता’ किंवा ‘दर्जा’च हवा. गावातल्या माणसांकडून जे हवे असते, ते मात्र निराळे. ‘समोरून गेली, पण ओळख दाखवली नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा तिला आपण ठाऊक नव्हतो असे म्हणायचे नसते. ठाऊक असून परके केले, ही तक्रार असते. म्हणून अशा संवादांत ‘ओळख दाखवणे’ किंवा ‘ओळख देणे’ हा क्रियापदासह येणारा प्रयोग योजावा. ‘ओळख पटणे’ टाळावे. त्याला पंचनाम्याचा वास येतो.

‘आपुलकी’ मला येथे पटत नाही, कारण आपुलकी पाहुण्यालाही मिळते. ‘बिलाँगिंग’साठी मराठीत चपखल नाम नाही, आणि ते घडवण्याची गरजही नाही, कारण हे काम आपली सर्वनामे करतात. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत हा भेद नाही. क्री भाषेत तो आहे, ‘नियनान’ म्हणजे आम्ही आणि ‘कियानाव’ म्हणजे आपण. तेव्हा माहितीपटातल्या तिच्या आजीच्या तोंडचे वाक्य इंग्रजी उपशीर्षकावरून न घेता मूळ ध्वनिफितीतून, क्री जाणणाऱ्या व्यक्तीला विचारून घ्यावे. ती ‘कियानाव’ म्हणत असेल, तर ‘तू आमच्यातलीच आहेस’ हे भाषांतर चुकीचे ठरेल, कारण नातीला जवळ घेतानाही ते तिला उंबऱ्याबाहेर ठेवते. ‘तू आपल्यातलीच आहेस’ हेच बरोबर.

खरी अडचण याच्या पुढे आहे आणि तिच्याकडे प्रश्नात लक्ष गेलेले दिसत नाही. क्रीमध्ये नामांचे वर्ग सजीव आणि निर्जीव असे आहेत. तृतीयपुरुषी सर्वनामात ‘तो’ आणि ‘ती’ हा भेदच नाही. मराठीत मात्र ‘आला’ की ‘आली’, ‘आमचा’ की ‘आमची’, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. निवेदनात आणि इतरांच्या बोलण्यात निःसंकोच ‘ती’ वापरावे, लहानपणाच्या प्रसंगांतही. प्रश्न उरतो तो आईच्या आणि आजीच्या क्री वाक्यांचा. त्यांनी लिंग उच्चारलेलेच नसताना ‘माझा मुलगा लहान होता’ असे लिहिणे म्हणजे त्यांच्या तोंडी नकार घालणे होय. सुदैवाने आपल्याकडे ‘लेकरू’ आणि ‘नातवंड’ आहे. ‘नोसिसिम’ या क्री शब्दातही नातू की नात हे कळत नाही, म्हणून ‘माझं नातवंड’. तसेच ‘लेकरू घरी आलं’. हे नपुंसकलिंग केवळ मायेच्या नामांसोबत ठेवावे. प्रौढ व्यक्तीला नुसते नपुंसकलिंगी ‘ते’ म्हणणे अवमानकारक आहे.

एवढे जपण्याचे कारण असे की क्रीमध्ये लिंगभेद नात्यांच्या काही शब्दांत प्रकट होतो. ‘निकोसिस’ म्हणजे माझा मुलगा, ‘नितानिस’ म्हणजे माझी मुलगी. माहितीपटात आई कोठे ‘नितानिस’ म्हणते, हे शोधावे. मूळ भाषेत तिने दिलेली ओळख त्या एका शब्दात आहे. आधीच्या प्रत्येक वाक्यात मराठी क्रियापदांनी ती उधळून टाकलेली नसेल, तरच ‘माझी लेक’ हे दोन शब्द पडद्यावर आले की प्रेक्षकाला त्यांचे वजन जाणवेल.

उरलेल्या दोन शब्दांविषयी थोडक्यात. ‘इंडिजिनस’साठी ‘आदिवासी’च घ्यावा, ९ ऑगस्टचा जागतिक दिवस आपल्याकडील आदिवासी समाज याच नावाने पाळतात, आणि ‘मूलनिवासी’ला महाराष्ट्रात वेगळा राजकीय अर्थ आहे. ती स्वतःला ‘टू-स्पिरिट’ (शब्दशः ‘दोन आत्मे असलेली’) म्हणवत असेल, तर तो शब्द तसाच देवनागरीत ठेवावा. १९९० मध्ये विनिपेगजवळ भरलेल्या संमेलनात समलिंगी आणि लिंगभावाने निराळ्या आदिवासींनी तो स्वतःसाठी स्वीकारला, तोही बाहेरच्यांनी लादलेले नाव नाकारण्यासाठी. त्याजागी ‘तृतीयपंथी’ लिहिले, तर पुन्हा बाहेरचेच नाव तिच्यावर लादले जाईल. शिवाय ती स्वतःला स्त्री म्हणवते, तिसरी कोणी नव्हे. ‘ट्रान्सजेंडर स्त्री’ किंवा ‘पारलिंगी स्त्री’ यांपैकी कोणताही एक शब्द शेवटपर्यंत कायम ठेवावा.