गुडघे, खुबे आणि ती बिननावाची पुडी

‘ऑपरेशन सोडून काही आहे का?’ हा प्रश्न यावेळी जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. आहे. पण त्यातलं बरंचसं दुकानात मिळत नाही, म्हणून सांगितलं तरी लोकांना पटत नाही.

प्रश्न : वय ६१. तीस वर्षं हातमागावर बसले. एक्स-रे बघून ‘वंगण संपलंय, चालणं बंद करा’ असं सांगितलं. चाललं तर आणखी झिजेल का? (वडगाव)

गुडघा म्हणजे सायकलचं बेअरिंग नव्हे. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, पातळ होते हे खरं, पण सांध्याला सावरून धरतात ते मांडीचे स्नायू, आणि बसून राहिलात की आधी तेच सुकतात. खुर्चीवर ताठ बसा, एक पाय समोर सरळ करा, दहा आकडे होईपर्यंत धरा, मग खाली घ्या. प्रत्येक पायानं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सपाट रस्त्यावर झेपेल तेवढं चाला. व्यायाम करताना थोडं दुखलं तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर मात्र प्रमाण कमी करा. फरक कळायला सहा ते आठ आठवडे जातात, चौथ्या दिवशी ‘काय फरक न्हाई’ म्हणून येऊ नका. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. सुरुवातीला एकदा फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम बघून घ्या.

प्रश्न : आंबट, वांगं, हरभऱ्याची डाळ बंद करू का? (खानापूर)

नको. ताकही प्या.

प्रश्न : आई ५८ वर्षांची, विड्या वळते. आठवडी बाजारातून ‘गावठी औषधा’च्या पुड्या आणते, दोन वर्षं झाली. दोन दिवसांत दुखणं थांबलं होतं. आता तोंड सुजल्यासारखं दिसतं, साखरही वाढलीय. पुड्या आजच बंद करू का? (निपाणी)

आधी महत्त्वाचं : तुमच्या मनानं एकदम बंद करू नका. उद्याच आईला फिजिशियनकडे न्या, आणि उरलेल्या पुड्या बरोबर घ्या.

आता कारण. झिजेचं दुखणं दोन दिवसांत गायब करणारी मुळी मला तरी ठाऊक नाही. इतक्या झटपट थांबलं, हीच शंकेची खूण. अशा बिननावाच्या पुड्या तपासल्यावर त्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं आणि वेदनाशामक गोळ्यांची पूड सापडल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत पुन:पुन्हा छापून आलं आहे. पुडीवर ना नाव, ना मात्रा, ना तारीख. विकणारा म्हणतो, ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही.’ आणि शेजारीण म्हणते, ‘मला गुण आला.’ येणारच हो! स्टेरॉइडनं गुण येतो. पण त्याच औषधानं चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात, आणि काहींच्या खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठाच तुटतो. म्हणजे गुडघा वाचवायला गेलो आणि खुबा घालवून आलो. शिवाय फार दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीराच्या ग्रंथी आपलं काम सोडून देतात. मग पुडी अचानक थांबवली तर उलट्या, गळाठा, रक्तदाब कोसळणं, जिवावरही बेततं. म्हणून डॉक्टर आधी तपासतात आणि मात्रा हळूहळू उतरवतात. निपाणी, कोल्हापूर, मिरज, बेळगाव, कुठंही दाखवा. पण ‘यंदाचा हंगाम संपू दे, मग बघू’ हे नको. तुम्ही रागावलात आणि आईनं पुडी लपवली तर तपासणार काय? तेव्हा रागावू नका.

विड्या वळताना सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास मांडी घालण्याऐवजी बाकावर बसता येईल का, तेही बघा. गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचं मलम चालेल का, ते त्याच डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पोटात घ्यायची वेदनाशामक गोळी मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. मूत्रपिंडं सगळ्यांना दोनच मिळतात.

प्रश्न : गुडघ्यात तीन प्लेटलेट-इंजेक्शनांचं पॅकेज आहे, एकदम पैसे भरले तर सवलत. नवी कूर्चा येते म्हणे. (चिकोडी)

सवलत लुगड्यावर घ्यावी. 2021 साली ऑस्ट्रेलियातल्या 288 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना अशी, म्हणजे त्यांच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटची, तीन इंजेक्शनं दिली, काहींना नुसतं मीठपाणी. वर्षानं दुखण्यात आणि कूर्चेत दखल घेण्यासारखा फरक नव्हता. गुडघा सुजून आला असेल तर सांध्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. तिथं औषध कोणतं, किती आणि कुठं टोचलं हे कागदावर असतं. तेही वारंवार घ्यायचं नसतं. पैसे भरण्याआधी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचं मत घ्या.

प्रश्न : मिस्टर ३८ वर्षांचे. जांघेत दुखतं, कळ गुडघ्यापर्यंत येते. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आहे. सहा महिने तेल चोळतोय, आता लंगडतात. (हुक्केरी)

गुडघ्याचा एक्स-रे चांगला आहे, कारण दुखणं बहुधा खुब्याचं आहे! जांघेतलं दुखणं गुडघ्यात जाणवतं, आणि खुबा इतका खोल असतो की तेल-मलम तिथं पोचत नाही. या वयात नुसती झीज समजून बसू नये; गोळ्याचा रक्तपुरवठा बंद झालाय का, हे पाहावं लागतं. दारू किंवा स्टेरॉइड (पुडीसुद्धा) चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआय लागतो. लवकर सापडलं तर गोळा वाचवण्याचे उपाय असतात. सहा महिने गेलेच आहेत, हा आठवडा घालवू नका.

प्रश्न : उजवा खुबा दुखतो. काठी कुठल्या हातात? (बेळगाव)

डाव्या. हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीपर्यंत यावी, आणि खालचं रबर झिजलं की बदला. पावसाळ्यात फरशीवर तेच घसरतं.