सण-उत्सव : वाचकांचे प्रश्न – हनुका, यहुद्यांचा दिव्यांचा सण

मुलगी तिसरीत आहे, वर्गात एकटीच यहुदी. ‘तुमची दिवाळी उशिरा असते का?’ असं मैत्रिणी विचारतात. त्यात सासूबाई म्हणतात, हनुका आपल्यात नव्हताच. मुलीला सांगायचं काय? – एक वाचक, ठाणे

सासूबाई बरोबर बोलतात. बेने इस्रायलींच्या, म्हणजे आपल्या मराठी यहुद्यांच्या, जुन्या सणांना मराठी नावं आहेत : नव्याचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. हनुकाला असं नाव नाही, कारण कोकणात तो पाळलाच जात नसे. जेरुसलेमचं मंदिर इ.स.पू. १६४ मध्ये परत शुद्ध करून घेतलं, त्याची ही आठवण. आणि अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी ज्यांचं गलबत फुटलं ते पूर्वज त्याआधीच मायदेशातून निघाले होते, असं समाज मानतो. इतर यहुद्यांशी संबंध वाढले तसा हा सण घरात आला. म्हणजे तो आपला नाही असं नव्हे, उशिरा आलेला आहे इतकंच.

मैत्रिणींसाठी दोन वाक्यं पुरेत : ‘मंदिरातल्या दिव्याचं तेल एका दिवसाचं होतं, ते आठ दिवस पुरलं. म्हणून आठ रात्री दिवे.’ शाळेत रजा मागू नका; या दिवसांत काम वर्ज्य नाही. ती रजा योम किप्पूरसाठी, म्हणजे उपवासाच्या मोठ्या दिवसासाठी, राखून ठेवा. रोज एक भेटवस्तू हवीच, हा नाताळच्या शेजारी वाढलेला अमेरिकी प्रकार. नाही दिली तरी काही बिघडत नाही.

हनुकिया (हनुकाचा नऊ दिव्यांचा दीपदान) नाही, पणत्या चालतील का? सोसायटी पॅसेजमध्ये दिवे लावू देत नाही. – एक वाचक, पुणे

चालतील. आठ पणत्या एका सरळ ओळीत, एकाच उंचीवर, मध्ये चार-चार बोटं जागा सोडून मांडा. गोलात मांडू नका. दोन ज्योती एकात एक दिसल्या की कितवी रात्र ते कळत नाही. नववी पणती, म्हणजे शमाश, उपड्या वाटीवर उंच ठेवा. या आठ दिव्यांच्या उजेडात वाचायचं-शिवायचं नसतं. बाकीचे दिवे पेटवायला आणि उजेडालाही शमाश.

पहिल्या रात्री एकच दिवा, अगदी उजव्या टोकाला. रोज त्याच्या डावीकडे एक वाढवायचा. पेटवताना मात्र नव्या दिव्यापासून सुरुवात करून उजवीकडे जायचं. आशीर्वाद आधी, ज्योत नंतर : पहिल्या रात्री तीन, पुढे दोन. मेणबत्त्या घेणार असाल तर शमाशसकट ४४ लागतात.

कोरी पणती तेल पिते, म्हणून दोन-तीन तास पाण्यात भिजवून, पुसून, पूर्ण सुकवून घ्या. ऑलिव्हचं तेल उत्तम, तिळाचंही चालतं. पुण्याच्या डिसेंबरात खोबरेल थिजतं आणि वात नुसती मिणमिणत राहते.

जागा खिडकीची, रस्त्यावरून दिसेल अशी; पडदा बांधून ठेवा. ते जमत नसेल तर घरातलं टेबलही चालतं. ओट्यावर पेटवून खिडकीत नेणं ही नेहमीची चूक. जिथे राहणार तिथेच पेटवायचं. पंखा आधी बंद करा. वाऱ्यात लावलेला दिवा विझला तर तो पुन्हा लावावा लागतो, आशीर्वाद न म्हणता.

दिवा रात्र पडल्यावर किमान अर्धा तास जळायला हवा. २०२६ मध्ये पहिली रात्र ४ डिसेंबर, शुक्रवार. त्या दिवशी हनुकाचा दिवा शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) दिव्यांआधी, सूर्यास्तापूर्वीच लावायचा. म्हणून तेल दीड तासाचं घाला. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या इथे कामाच्या नाहीत.

लाटके (हनुकाच्या बटाट्याच्या तळलेल्या टिक्क्या) तेलात सुटतात, नाहीतर मऊ पडतात. – एक वाचक, मुंबई

पाणी राहतंय. अर्धा किलो बटाटे आणि एक कांदा किसा, पंचात घट्ट पिळा. निघालेलं पाणी दहा मिनिटं ठेवा, वरचं ओता, तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व किसात परत घाला. बांधतं ते हेच. एक अंडं, दोन चमचे मैदा. मीठ अगदी शेवटी, कारण मिठाने पुन्हा पाणी सुटतं. तेल तापलेलं हवं. एका वेळी चारच टाका. जेवणात मटण असेल तर सोबत दही नको (मांस आणि दूध एकत्र चालत नाही), हिरवी चटणी घ्या.

शाळेत नाताळच्या सजावटीशेजारी हनुकाचा कोपरा करतोय. काय ठेवावं? – एक शिक्षिका, मुंबई

नऊ दिव्यांची हनुकिया. सात फांद्यांची मंदिरातली, ती वेगळी. आणि वर्गातल्या एकुलत्या यहुदी मुलाला सगळ्यांपुढे उभं करून माहिती सांगायला लावू नका. त्याच्या पालकांना आधी विचारा. सोबत चौकोनी भोवरा, ड्रेडल, ठेवा. प्रत्येकी दहा चिंचोके वाटा, सगळ्यांनी एकेक मध्ये टाकायचा. भोवऱ्याच्या चार बाजूंना चार हिब्रू अक्षरं असतात : ‘नून’ पडलं तर काही नाही, ‘गिमेल’ला मधलं सगळं, ‘हे’ अक्षर पडलं तर निम्मं, ‘शिन’ला आपला एक घालायचा. नियम सांगायला दोन मिनिटं लागतात, तास मात्र पुरत नाही.